पायाळूची लाथ ते केईएमची पदवी

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे खरं तर उभा आहे. लॅपटॉप कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवलाय आणि मी त्याच्यासमोर, ओट्यापाशी उभं राहावं तसा. कारण कंबर. गेले आठ महिने ती धरलेली आहे आणि घरात आता तो विनोदाचाही विषय राहिलेला नाही.

तर झालं असं, की एका रिलीजच्या आठवड्यात ऐरोलीच्या ऑफिसात सलग बसलो. शुक्रवारी रात्री बसमधून उतरताना कंबरेत चमक भरली, ती गेलीच नाही. एमआरआय काढला. एल-४ आणि एल-५ यांच्या मधली चकती 'बल्ज' झाल्याचं रिपोर्टात आलं. मग दहा सिटिंगचं पॅकेज. रोज पालथं पडायचं, कंबरेवर चार रबरी पॅड, मुंग्या आल्यासारखा करंट, वीस मिनिटांनी टायमर वाजला की शर्ट खाली करून घरी. (क्लिनिकचं नाव विचारू नका, माणसं चांगली होती.)

पाचव्या दिवशी आप्पांनी विचारलं, "आज काय केलं?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पन हात लावला का रं कुनी?"

नव्हता लावला. पाच दिवसांत माझ्या कंबरेला माणसाचा हात असा लागलाच नव्हता, पॅड चिकटवण्यापुरता सोडला तर. हा प्रश्न डोक्यात इतका बसला, की पुढचे सगळे वीकएंड मी हा हात कुठून आला आणि कुठे गेला हे शोधण्यात घालवले. आजचा लेख त्याचाच. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी आप्पांबद्दल, कारण त्याशिवाय त्यांच्या प्रश्नाचं वजन कळणार नाही. आप्पा माथाडी. पाटण तालुक्यातून १९८४ साली मुंबईला आले, मशीद बंदरला टोळीत लागले आणि दाणाबंदर वाशीला हललं तसे बाजाराबरोबर इकडे आले. कोपरखैरण्यात आमच्या आजूबाजूला निम्मी वस्ती अशाच साताऱ्याकडच्या माथाडींची. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटील, ही आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकातली नव्हे तर भिंतीवरच्या फोटोतली नावं. आप्पा लागले तेव्हा गोणी क्विंटलची असायची. पाठीवर घ्यायची, फळीवरून चढायचं, थप्पीला लावायची, परत यायचं. गोणी ५० किलोच्या वर नको, यासाठी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडींना किती वेळा काम बंद करावं लागलं ते पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. तर अशा माणसाचा मुलगा बाराशे ग्रॅमचा लॅपटॉप उचलून कंबर धरून बसला. आप्पा काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा :)

टोळीत पाठीची व्यवस्था ठरलेली होती. एक जण तालमीतला. गावाकडे कुस्त्या केलेला, मग मुंबईला हमालीला आलेला. रविवारी गावकीच्या खोलीत हा माणूस एकेकाला पालथा पाडून रगडायचा. खोबरेल तेल, कोपर, कधी टाच. पैसे नाहीत, चहा. हे कौशल्य सरळ तालमीतून आलेलं. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला (खासबागचं मैदान १९१२ चं), त्यातून नुसते मल्ल तयार झाले नाहीत, तर एकमेकांचं अंग रगडता येणारी हजारो पोरं तयार झाली. तालमीत जोर-बैठका मारल्यावर पठ्ठे एकमेकांना रगडतात ती काही चैन नव्हे, दुसऱ्या दिवशी परत उठता यावं म्हणून केलेली देखभाल आहे.

याच्या शेजारी दुसरा प्रकार, पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि उसण भरली की पायाळूने पाठीला पाय लावायचा हा आपल्याकडचा जुना समज. माझी आत्या पायाळू. लहानपणी गावी गेलो की सकाळी ओट्यावर एखादा तरी वाकडा झालेला माणूस बसलेला असायचा. आत्या भाकरी टाकता टाकता उठायची, पाठीवर तीनदा पाय ठेवायची, परत चुलीपाशी. माणूस दोन-चार दिवसांत सरळ. आत्याच्या पायात गुण आहे, यावर गावात कोणाचं दुमत नव्हतं.

आता कळतं की यात मेख आहे. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप सुटते. सर्व्हर आपोआप सुरळीत झाला आणि शेवटचं कमिट करणाऱ्याला शाबासकी मिळाली, तसं. खरी परीक्षा बारा आठवड्यांनंतर सुरू होते, तेव्हाच दुखण्याला जुनाट म्हणतात. तिथे आत्याचा पाय चालत नाही, आणि आत्याही ते कबूल करायची. "जुनं हाय, मालिश कर," म्हणून वाटेला लावायची. म्हणजे निदान तिला चमक आणि जुनाट यातला फरक माहीत होता!

ग्रंथांत पाहावं तर तेल लावून अंग मर्दन करणं हे चरकापासून आहे. वाग्भटाने अभ्यंग रोजच्या दिनचर्येतच घातला आहे, खास करून डोकं, कान आणि पायाचा. आपल्या भागाच्या जवळचं उदाहरण म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बाराव्या शतकातल्या त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या उपभोगांची यादी आहे. त्यात स्नान आहे, पायांचा अभ्यंग आहे आणि पुढे मल्लांच्या करमणुकीवर वेगळं प्रकरणही आहे. वाचताना एक गोष्ट मला खटकली. या सगळ्यात अंग कोणाचं ते सविस्तर आहे. हात कोणाचे, ते नाही. लिहिणारे एक आणि रगडणारे दुसरे. हात न्हाव्याचे, सुईणीचे, नोकराचे, तालमीतल्या पोराचे. बाळंतिणीला चोळायला येणाऱ्या बाईला आजही नवी मुंबईच्या सोसायट्यांत मागणी आहे, पण गेटच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव 'मालिशवाली' एवढंच लिहितात.

हा हात पहिल्यांदा स्वतःच्या नावानिशी पुस्तकात आला तो आपल्या देशात नव्हे, इंग्लंडात. शेख दीन महंमद, जन्म पाटण्याचा, १७५९. कंपनीच्या फौजेबरोबर वाढलेला हा माणूस पुढे आयर्लंडला आणि मग लंडनला गेला. तिथे १८१० मध्ये हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, ते बुडालं. मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. शाम्पू हा शब्द या चंपीचा, केसांशी त्याचा संबंध नंतर आला. संधिवात, लकवा, कंबरदुखी घेऊन अमीर-उमराव त्याच्याकडे यायचे. बऱ्या झालेल्या लोकांच्या कुबड्या तो स्नानगृहात मांडून ठेवायचा, म्हणजे आजच्या भाषेत टेस्टिमोनियल. १८२२ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि राजा चौथ्या जॉर्जचा अधिकृत 'शाम्पूइंग सर्जन' झाला. आपल्याकडे अंगणात फुकट मिळणारी गोष्ट तिथे सर्जनकी!

पण तिथेही हे टिकलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली, ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर लिहिलं, आणि खऱ्या मसाज करणाऱ्या परिचारिकांची पंचाईत झाली. मग १८९४ मध्ये त्यांच्यातल्या काही जणींनी एकत्र येऊन प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. नियम काय, तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही, खास अपवाद सोडून पुरुषांना करायचा नाही, सामान्य पेपरात जाहिरात द्यायची नाही. हाताला प्रतिष्ठा हवी होती आणि तिची किंमत डॉक्टरच्या चिठ्ठीखाली राहणं ही होती. हीच संस्था १९४४ मध्ये चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी झाली. म्हणजे फिजिओथेरपी नावाचा वृक्ष ज्या मुळावर उभा आहे ते मूळ साधं मालिश आहे. हे मला माहीतच नव्हतं. मला फिजिओ म्हणजे मशीन असं वाटायचं.

आता परळला येऊ. कारण भारतातल्या या वृक्षाचं पहिलं रोप तिथलं, आणि ते कंबरदुखीसाठी लावलेलं नव्हतं. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ होती. लुळी पडलेली मुलं वॉर्डात आणि ती हाताळायला शिकलेली माणसं नाहीत. औषध नव्हतं, लस तर अजून यायची होती. जे काही करायचं ते हातांनी. कोणता स्नायू जिवंत आहे तो बोटांनी चाचपायचा, सांधे हलते ठेवायचे, स्नायूला परत काम शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा निघाली, देशातली पहिली. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली, त्याच वर्षी हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था. आज देशभर गल्लोगल्ली फिजिओच्या पाट्या दिसतात, त्या सगळ्या परळच्या त्या शाळेच्या पुढच्या पिढ्या.

गंमत बघा. केईएमपासून हाकेच्या अंतरावर गिरणगाव. चाळीचाळीत तालमी, व्यायामशाळा, रगडणारे वस्ताद. पण शाळेत जे शिकवलं गेलं ते स्वीडन, हॉलंड, इंग्लंड मार्गे आलेलं. मसाजच्या हालचालींना हॉलंडच्या मेझगरमुळे रूढ झालेली फ्रेंच नावं, एफ्लुराज, पेत्रिसाज. आपल्याकडे चोळणं, चेपणं, मळणं, दाबणं, रगडणं, थापटणं, तुडवणं अशी सात क्रियापदं हाताशी असताना! याचा मला राग येत नाही. पोलिओच्या वॉर्डात तपासलेलं, मोजलेलं, शिकवता येणारं तंत्र लागत होतं आणि वस्तादाकडे ते त्या रूपात नव्हतं. तरीही वाईट वाटतं, की त्याला कोणी विचारलंही नाही.

मग हात उठला कसा? दोन कारणं मला दिसतात.

पहिलं कारण चकती. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी, मणक्यांमधली चकती फुटून नस दाबते आणि शस्त्रक्रियेने ती मोकळी करता येते, हे दाखवून दिलं. शोध खरा आणि मोठा. पण त्यानंतर कंबरदुखी म्हणजे चकती असं समीकरण होऊन बसलं. त्याआधी लोक स्नायूंबद्दल बोलायचे. आता दुखणं आत खोल, हाडांच्या मध्ये गेलं, जिथे अंगठा पोचत नाही. फोटो काढता येऊ लागल्यावर तर विचारूच नका. १९९४ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांची किमान एक चकती 'बल्ज' निघाली. हे वाचल्यावर मी माझा रिपोर्ट पुन्हा उघडला. तोच शब्द, तोच आकार. दुखणं त्यामुळेच असेल, नसेलही. आठ महिने मी त्या एका शब्दाला घाबरून वाकत नव्हतो.

मधल्या काळात स्नायूंची बाजू लावून धरणारेही होते. १९३८ च्या सुमारास लंडनच्या केलग्रेनने स्नायूत खारट पाण्याची इंजेक्शनं देऊन दाखवलं, की कळ एका जागची असते आणि दुखतं दुसरीकडे. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूतल्या दुखऱ्या गाठींचा नकाशाच तयार केला. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कंबरेवर उपचार करणाऱ्या डॉक्टर त्या याच. टोळीतला पैलवान "ही बघ गाठ" म्हणत अंगठा रुतवायचा ते याच्या फार जवळचं. मात्र दोन तपासणाऱ्यांना त्याच पाठीत त्याच जागी गाठ सापडतेच असं नाही, ही या गाठीची अडचण.

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे, स्केलिंग. दोन हातांनी एका वेळी एकच पाठ रगडता येते आणि अर्ध्या तासात अंगठे बोंबलतात. मशीन पाच पाठींवर पाच लावता येतात. सरकारी ओपीडीत रांग आहे म्हणून, खासगीत भाडं आहे म्हणून. त्यात मशीन दिसायला विज्ञान दिसतं. हात कितीही शिकलेला असो, मालिशवाल्याची आठवण करून देतो. ज्या पेशाने इतक्या कष्टाने पदवी मिळवली, २०२१ चा केंद्रीय कायदा मिळवला, आणि नावामागे 'डॉक्टर' लावण्यावरून २०२५ मध्येही ज्याला वाद घालावा लागला, त्याने हातापेक्षा मशीन पुढे केलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पेशंट म्हणून मला चिकटवलेल्या पॅडचं काय?

तर पुराव्यांचं सांगतो. २०११ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या भागात ४०१ जुनाट कंबरदुखीवाल्यांवर प्रयोग झाला. एका गटाला नुसतं सैल करणारं साधं मालिश, दुसऱ्याला ठरावीक स्नायू शोधून केलेलं 'स्ट्रक्चरल' मालिश, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. आठवड्याला एक, असे दहा आठवडे. मालिशवाले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे बरे निघाले आणि फायदा सहाएक महिने टिकला. पण दोन मालिशांत फरक जवळजवळ काहीच नाही! म्हणजे शास्त्रशुद्ध नकाशा आणि साधं चोळणं, निकाल तोच. २०१५ मध्ये कॉक्रेनने २५ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सूर आणखी थंड होता. थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण पुरावा कच्चा. यात एक अडचण कायमची आहे. गोळी खोटी देता येते, मालिश खोटं कसं देणार? पाठीला कळतंच ना.

आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, समजावून सांगणं, आणि हो, मालिशसुद्धा (सशर्त, पुरावा फार पक्का नाही अशी कबुली देऊन) यादीत आहे. नेहमीच्या वापरात नको म्हटलेल्या यादीत काय आहे? ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, त्वचेवरून करंट देणारं टेन्सचं मशीन, कंबरेचा पट्टा. माझ्याकडे पट्टा होता. तो आता दाराच्या मागे आहे. माझ्या पॅडवालं मशीन नेमकं टेन्स होतं की त्याचा चुलतभाऊ, हे मी कधी विचारलं नाही.

हे वाचून मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, तुम्ही बरोबर होता." त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "समदं न्हाई बरोबर," आणि टोळीतल्या एका काकांची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवटच माहीत होती. काकांची कंबर वर्षभर दुखत होती, पैलवान दर रविवारी रगडत होता. मग पाय बधिर व्हायला लागला, पाऊल उचलेना. पैलवानाने आणखी जोरात रगडलं. पैलवानाचा हेतू वाईट नव्हता, त्याच्याकडे उपाय एकच होता. काका हॉस्पिटलात पोचले तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशन झालं, कळ गेली, पण पाऊल तसंच घासत राहिलं आणि थप्पीचं काम सुटलं. तेव्हा ज्यांना पायात ताकद कमी झाल्यासारखी वाटते, लघवीवरचा ताबा जातोय, ताप आहे, वजन उतरतंय, त्यांनी हा लेख इथेच सोडून सरळ डॉक्टर गाठावा. मालिश नंतर.

मी विचारलं, "मग तरी रगडून का घेत होता?" आप्पा म्हणाले, "सोमवारी गोनी उचलायची असायची." आणि मग जरा थांबून, खोलीत बारा माणसं होती, सगळ्यांच्या बायका-पोरं गावी, आठवडाभर पाठीला लागायचं ते फक्त सुतळीचं पोतं.

यावर मी काय बोलणार. सिअ‍ॅटलच्या प्रयोगात दोन्ही मालिशांचा निकाल सारखा का आला, याचं उत्तर कदाचित या वाक्यात असेल, कदाचित नसेल. मला ते सिद्ध करता येणार नाही.

पॅकेजच्या उरलेल्या पाच सिटिंगचं सांगायचं राहिलं. सहाव्या दिवशी मी तिथल्या फिजिओ मॅडमना धीर करून विचारलं, की मशीनऐवजी हाताने काही करता येईल का. त्या हसल्या. म्हणाल्या, "करता येतं की. शिकलोय आम्ही. पण पेशंटच मशीन मागतात. हाताने केलं तर म्हणतात, एवढ्याचेच पैसे का?" मग त्यांनी वीस मिनिटं कंबर दाबली, त्यातली शेवटची दहा मिनिटं मलाच व्यायाम करायला लावले, आणि रोज चालायला सांगितलं. सध्या पाम बीचच्या बाजूला सकाळी चालतोय. दुखणं गेलं नाही, पण वाकून बुटाची नाडी बांधता येते.

रविवारी रात्री आप्पा पाठ चोळून देतात. त्यांचा अंगठा अजून क्विंटलच्या हिशोबाने चालतो, त्यामुळे "आप्पा, हळू" असं ओरडावं लागतं. आत्याला फोन करून पायाळूचा इलाजही विचारून झाला. ती म्हणाली, जुनं आहे, माझ्याच्यानं नाही व्हायचं.